मदत हवी आहे: इंजिनचा चिकटा निघत नाही, कॉस्टिक टाकू का? लवकर सांगा

धुऱ्यावरचा
इंजिन खोललं आहे. सगळ्या पार्टांवर काळा चिकट थर. डिझेलनं धुतलं, ब्रश मारला, वरचं वरचं निघालं, खालचं तसंच. घरात कॉस्टिक सोडा पडला आहे. गरम पाण्यात टाकून पार्ट बुडवू का? बालटीभर पाण्याला किती टाकायचा तेवढंच सांगा, भाषण नको. पाऊस उघडला आहे, परवापर्यंत जोडून पाह्यजे.

बंडीवाला
कोणतं इंजिन थे तं सांग बाप्पा. ट्रॅक्टरचं, गाडीचं, का विहिरीवरचं?

पाच_एचपी
कॉस्टिकच टाक, बिनधास्त. आमच्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बाबा असंच साफ करत. तेलाच्या पिप्यात पाणी, त्यात कॉस्टिक, खाली जाळ. हेड रातभर बुडवून ठेवायचं, सकाळी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कसं करकरीत. हे डिग्रीजर-बिग्रीजर शहरातल्या लोकांचे चोचले आहेत.

तालुका_गॅरेज
टाकू नको, थांब. वरच्या भाऊचं हेड बिडाचं होतं, बिडाला कॉस्टिकनं काही होत नाही. ॲल्युमिनियमला ते खाते. फसफसून फेस येतो, तो हायड्रोजन असतो, जवळ विडी पेटवली तर भडका. पार्ट काळा पडतो अन् पॅकिंग बसायची जागा खरबरीत होते, मग ते इंजिन जन्मभर गळते. चुंबक लावून पाहा. चिकटलं तर बीड-लोखंड. नाही चिकटलं तर कॉस्टिकचा डबा माळ्यावर ठेवून दे. अन् फोटो टाक.

पाच_एचपी
आमच्या घरी कधी काही झालं नाही.

तालुका_गॅरेज
बीड होतं म्हणून नाही झालं, काका.

स्प्लेंडर_०७
कशाला एवढा उपद्व्याप? अर्धा लिटर पेट्रोल घ्यायचं, ताटात ओतायचं, टूथब्रश मारायचा. एका मिनिटात चकाचक.

रसायन_मास्तर
अन् घरात चूल पेटलेली असंन तर? पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत चुलीपर्यंत जाते. रॉकेल त्यामानानं बरं, त्याला साधारण ३५ ते ४० अंश लागतात. पण आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच पारा ४५ वर जातो, म्हणजे उन्हाळ्यात रॉकेलचाही भरवसा नाही. जे काय करायचं ते अंगणात, वाऱ्यावर, अन् प्लास्टिकच्या नाही, धातूच्या भांड्यात.

बंडीवाला
रॉकेल भेटते तरी कुठं आता, मास्तर? राशनचं निळं रॉकेल पाहून किती दिवस झाले.

धुऱ्यावरचा
चुंबक क्रँकला चिकटते, बाकी कशालेच नाही. फोटो जात नाही, रेंज नाही इथं. अन् कोणतं इंजिन म्हणजे काय? फवारणीच्या पंपाचंच ना! पाठीवरचा, पेट्रोलवाला. ऑगस्टात माणूस दुसरं काय खोलंन?

पाच_एचपी
पंपाचं आहे होय. मग नको टाकू.

तालुका_गॅरेज
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंस तर काकांची अन् माझी जुंपली नसती. आता ऐक. टू-स्ट्रोक आहे, त्यामुळं तुला जो एक चिकटा वाटतो तो तीन जागी तीन प्रकारचा आहे.

सिलेंडरच्या पट्ट्यांवरचा बाहेरचा थर म्हणजे ऑइल अन् धूळ. तो डिझेलनं फुगतो, पण लगेच निघत नाही. ब्रश मारून तासभर तसाच राहू दे, मग गरम पाणी अन् कपड्याचा साबण. दुकानातलं पाण्याचं डिग्रीजरही चालते, पण डब्यावर ॲल्युमिनियमला चालते असं लिहिलेलं पाहून घे.

कार्बोरेटरमधला पिवळा थर म्हणजे मागच्या हंगामातलं पेट्रोल सुकून झालेला डिंक. त्याला डिझेल काही करत नाही, कार्ब क्लीनरचा स्प्रे लागतो. पण आधी रबराच्या रिंगा अन् आतला पातळ पडदा काढून बाजूला ठेव, त्याच्यावर स्प्रेही नको अन् थिनर तर नकोच. रबर फुगलं की परत बसत नाही. जेटात, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, तार घालू नको, भोक मोठं झालं की पंप जास्त पेट्रोल पिते.

सायलेन्सरच्या तोंडाशी जो कडक काळा आहे, तो कार्बन. तो कशात विरघळंन ही आशा सोड. बांबूची चपटी काडी करून खरवड. स्क्रूड्रायव्हर अन् पॉलिश पेपर सिलेंडरच्या आत नेऊ नको. त्याची रेती बेरिंगमध्ये गेली की खेळ खल्लास.

पऱ्हाटीवाली
फवारणीचा पंप आहे म्हणता, तर हातमोजे घाला भाऊ, हे कोणीच सांगून नाही राहिलं. त्या चिकट्यात नुसतं ऑइल नसते, फवारलेलं औषधही बसलेलं असते. डिझेलनं कातडीचं तेल निघून जाते अन् औषध आत शिरते. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते विसरलात का? पहिले साबणाच्या पाण्यानं वरून धुवा, मग डिझेल. अन् सैपाकातलं पातेलं घ्यायचं नाही, नंतर कितीही घासलं तरी.

स्प्लेंडर_०७
ताई बरोबर बोलल्या. मी ताट म्हटलं ते जुनं ताट.

नवा_कास्तकार
जुन्यात पैसा काहून घालता? बॅटरीचा पंप घ्या. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, नंबर लागला तर अनुदान.

धुऱ्यावरचा
नंबर लागेपर्यंत तुडतुडे वाट पाहणार आहेत का? मी पार्ट धुवायचं विचारलं.

बंडीवाला
हाताचा काळा जात नसंन तर गोडं तेल अन् साखर चोळजो, मग साबण लाव.

धुऱ्यावरचा
ते नाही विचारलं, पण जमलं. पट्ट्या साफ निघाल्या, कार्ब क्लीनर उद्या बाजाराच्या दिवशी आणतो. धुतलेल्या पार्टांचं काय, कोरडेच जोडू?

तालुका_गॅरेज
नाही. बेरिंग अन् पिस्टनला दोन-दोन थेंब टू-टी, म्हणजे पेट्रोलात मिसळतो ते ऑइल लाव. धुतल्यावर तिथं काहीच राहत नाही, पहिल्याच झटक्याला ओरखडे पडतात. अन् बेरिंग हवा मारून फिरवू नको.

धुऱ्यावरचा
बरं. काळं डिझेल उरलं आहे, धुऱ्यावर ओतून देऊ?

पऱ्हाटीवाली
धुऱ्यावरून ते विहिरीतच जाते. झाकणाच्या डब्यात ठेवा, गाळ खाली बसला की वरचं डिझेल पुढच्या धुण्याला कामी येते. गाळ गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिप्यात द्या.

पाच_एचपी
आम्ही जळकं ऑइल कुंपणाच्या बल्ल्यांना लावतो, उदई लागत नाही.

पऱ्हाटीवाली
काका, त्याच्यात औषध आहे. बकऱ्या चाटतात बल्ल्या.