1960 च्या आधीचं सगळं जुगाड? अजिबात नाही

कोथरूडकर: काल इथे एकानं लिहिलं की पहिलं खरं फेज्ड अ‍ॅरे रडार (अनेक छोट्या अँटेनांना सिग्नल किंचित मागेपुढे देऊन, अँटेना न हलवता झोत वळवणारं) म्हणजे अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीचं 1960 चं ईसार, त्याआधीचं सगळं जुगाड. डोकं फिरलं वाचून. अहो, 1945 ला बी-29 विमानांच्या पोटाखाली ईगल रडार होतं, अमेरिकन शास्त्रज्ञ अल्वारेझचं, 16 फुटी पंखासारखा अँटेना, त्यात 250 डायपोल (काडीसारखे छोटे अँटेना) ओळीनं, आणि वेव्हगाइडची (लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीची) भिंत आतबाहेर सरकवली की झोत डावीउजवीकडे जायचा, अँटेना जागच्या जागी. हे जुगाड? जर्मन शास्त्रज्ञ ब्राउननं तर 1905 लाच तीन अँटेना त्रिकोणात उभे करून, सिग्नल वेळेत मागेपुढे देऊन लहरी एका बाजूला जास्त पाठवून दाखवल्या.

रडारवेडा72: लिहिणारा मीच. भिंत सरकायची म्हणजे हलणारा भाग आलाच ना? आणि झोत एकाच रेषेत जाऊन येऊन. ईसारमध्ये इथला झोत उचलून थेट तिथे टाकता यायचा, मधलं आकाश सोडून. मुद्दा तो आहे.

कोथरूडकर: फेज, म्हणजे लहर किती मागेपुढे, ती कशानं बदलली याला काय महत्त्व? कॉलेजात आम्ही चार अँटेनांचा अ‍ॅरे केला होता, एक केबल माझ्याकडून अर्धी तरंगलांबी जास्त लांब कापली गेली, त्या अँटेनाची लहर उलटी झाली. समोरचा व्होल्टेज निम्म्यावर! दोन दिवस अ‍ॅम्प्लिफायरच खोलत बसलो, शेवटी मेजरटेप लावल्यावर सापडलं. केबल असो, भिंत असो नाहीतर फेराइट (फेज बदलणारा चुंबकीय पदार्थ), फेज ती फेज.

नारायणगावचा: तुमचं अमेरिका-जर्मनी संपतच नाही. उटीला 1970 पासून रेडिओ दुर्बिणीचा 530 मीटर लांबीचा अँटेना आहे, 1056 डायपोल, उत्तर-दक्षिण झोत फेज शिफ्टरनं (फेज बदलणाऱ्या उपकरणानं) वळतो. डोंगराचा उतारच असा निवडला की अँटेनाचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहील. गोविंद स्वरूप यांचं काम, ज्यांनी पुढे आमच्या नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण उभी केली. त्यांचं नाव घ्यायला जीभ जड होते का?

रडारवेडा72: ती दुर्बीण आहे हो, रडार नाही!

नारायणगावचा: मग ब्राउनचं 1905 चं रडार होतं का? ते चालतं, उटी चालत नाही? लहान असताना वडील खोडदच्या डिश दाखवायला न्यायचे, तेव्हापासून ऐकतोय, आपलं सांगितलं की विषयांतर.

रडारवेडा72: ब्राउन मी नाही काढला. आणि उटी 1970 चं, धागा सुरुवातीच्या काळाचा आहे.

कोथरूडकर: उतार निवडायची युक्ती मला माहीत नव्हती, मानलं. पण "जुगाड" शब्द आधी मागे घ्या.

रडारवेडा72: घेतला. "पहिलं" नाही घेणार.