‘प्रवेशाचा हक्क राखीव’ या पाटीला कायद्यात किती किंमत? हॉटेलवाला गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणू शकतो?

नवा_काउंटर (प्रश्न)

महाराष्ट्रात एका जिल्ह्याच्या ठिकाणी खाली फॅमिली रेस्टॉरंट, मागच्या बाजूला परमिट रूम आणि वर बारा खोल्यांचं लॉजिंग सुरू होतंय. काउंटरवरच्या मुलांसाठी एका पानात मावतील असे नियम लिहायचे आहेत. कुणाला नाही म्हणायचं, कशासाठी आणि कोणत्या शब्दांत, हे त्यात हवं. ‘प्रवेशाचा हक्क व्यवस्थापनाकडे राखीव’ ही पाटी सगळीकडे दिसते. तिच्या जोरावर कुणाला दारातून परत पाठवता येतं का? मुख्य अडचण चौघांची आहे: पिऊन आलेला माणूस, लग्न न झालेलं जोडपं, गावातलाच पत्ता असलेला पाहुणा आणि जुनं बिल थकवलेलं गिऱ्हाईक. कलमांसकट सांगितलंत तर मुलांना नीट समजावता येईल.

कलम_आणि_कढई

आधी पाटीचं बघू. तिला स्वतःची काहीच ताकद नाही. जो हक्क कायद्याने तुम्हाला आहे तो पाटी नसली तरी आहे, आणि जो नाही तो पाटी लावून मिळत नाही.

तुमचा हक्क येतो करार कायद्यातून (१८७२). मेनूकार्ड म्हणजे नुसतं निमंत्रण. गिऱ्हाईक ऑर्डर सांगतं तो त्याचा प्रस्ताव, आणि वेटरने ‘हो’ म्हणून ऑर्डर घेतली की करार झाला. त्याआधी तुम्ही नाही म्हणू शकता आणि कारणही सांगायची गरज नाही, फक्त ते कारण कायद्याने मनाई केलेल्यांपैकी नको. ऑर्डर घेतल्यावर किंवा बुकिंग कन्फर्म केल्यावर मात्र नकाराला सबळ कारण लागतं आणि घेतलेले पैसे परत करावे लागतात.

मनाई कशाची, ते नीट वाचा. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांचा थेट उल्लेख आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला तिथे अडवता येत नाही. बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध मागायचे असतात, हा खासगी मालकालाही लागू आहे. ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सांगितलं आहे.

१५(२) मध्ये शिक्षा लिहिलेली नाही, ती इतर कायद्यांत आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चं कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश किंवा तिथली भांडी वापरणं नाकारण्याबद्दल आहे. कलम ६ मुलांना मुद्दाम समजावा. इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर माल किंवा सेवा मिळते, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर ती अस्पृश्यतेच्या कारणावरून द्यायला नकार देणं हा गुन्हा आहे. म्हणजे एखाद्याला जातीमुळे टेबल न देता ‘तुम्हाला पार्सल देतो, बाहेर थांबा’ म्हटलं, किंवा चहा वेगळ्या कपात दिला, तर खायला-प्यायला दिलं म्हणून सुटका होत नाही. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा बघून कुणी हे हलकं घेऊ नये, कारण कलम ८ खाली दोषी मालकाचा धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित होऊ शकतो. शिवाय कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेतूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

त्यावर अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला दुकानात, करमणुकीच्या किंवा इतर सार्वजनिक जागी जायला अडवणं हे २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(झेडए) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं, आणि कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाची वाट जवळपास बंद.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आणि दिव्यांगांसाठी २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. ‘व्हीलचेअरला आत जागा नाही’ एवढं म्हणून दारातून वळवणं हाही नकारच धरा. एक टेबल सरकवून नव्वद सेंटिमीटरची वाट मोकळी ठेवली तर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

मनाईच्या या यादीत न येणाऱ्या गोष्टी म्हणजे वागणूक, पेहराव, थकबाकी, बंद होण्याची वेळ आणि परवान्यातली आसनसंख्या. या कारणांवर नाही म्हणता येतं. पेहरावाचा नियम मात्र सगळ्यांना एकच हवा आणि दारावर लिहिलेला हवा. जो नियम प्रत्यक्षात एकाच धर्माच्या लोकांना बाहेर ठेवतो, तो पेहरावाचा म्हणून टिकत नाही.

परमिटरूम_मॅनेजर

वरच्या उत्तरात ‘नाही म्हणू शकता’ चं बघितलं. परमिट रूममध्ये ‘नाही म्हणायलाच हवं’ अशाही जागा आहेत. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि हार्ड लिकरसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय पिण्याचा परवाना. एक दिवसाचा परवाना काउंटरवर ठेवलेला असतो, पण वयाचा पुरावा न बघता तो फाडून दिला तर एक्साइजच्या तपासणीत अडकता तुम्ही, गिऱ्हाईक नाही. ड्राय डेला आणि परवान्यातली वेळ संपल्यावरही तसंच. ‘ओळखीचे साहेब आहेत’ हे रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही.

पिऊन आलेल्या माणसाबद्दल. त्याला ‘तुम्हाला चढली आहे’ असं कधीही म्हणायचं नाही, भांडण हमखास तिथेच पेटतं. ‘साहेब, या टेबलची सर्व्हिस आता बंद केली, जेवण सांगा किंवा बिल आणतो’ एवढंच. दारू थांबवायची, पाणी आणि जेवण चालू ठेवायचं. बिलावर वेळ छापून येतेच, तरी शेवटच्या पेगची वेळ केओटीवर (ऑर्डरच्या चिठ्ठीवर) पेनाने लिहावी.

उठायला तयार नसेल तर दोन माणसांसमोर, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, स्पष्ट शब्दांत ‘आता बाहेर जा’ सांगायचं. हे वाक्य महत्त्वाचं आहे. आत येताना तो गिऱ्हाईक म्हणून रीतसर आला होता. जायला सांगितल्यावरही त्रास द्यायच्या, अपमान करायच्या किंवा धमकावायच्या हेतूने तो थांबला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली फौजदारी अतिक्रमण होतं. सार्वजनिक जागी नशेत गोंधळ घालण्याला कलम ३५५ आहे. यापुढचं काम ११२ चं, म्हणजे पोलिसांचं. बाउन्सरने कॉलर धरून ढकललं आणि माणूस पायरीवर पडला, तर दुखापतीचा गुन्हा तुमच्याच माणसावर लागतो.

बिल न देणाऱ्याचं असंच. शटर ओढून बसवून ठेवणं, मोबाईल किंवा गाडीची चावी काढून घेणं, हे करू नका. ‘पैसे दे मग सोडतो’ म्हणणं म्हणजे कलम १२६ आणि १२७, बेकायदा अडवणूक आणि डांबून ठेवणं. बिलावर नाव, नंबर आणि सही घ्या, जमलं तर यूपीआयने काही रक्कम तरी घ्या. पुढच्या वेळी तो आला तर ‘मागचं बाकी आहे, ते मिटवा मग बसा’ म्हणून नाकारणं पूर्ण कायदेशीर आहे. फक्त त्याचा फोटो ‘थकबाकीदार’ म्हणून काउंटरला चिकटवू नका, तो बदनामीच्या दाव्याला (कलम ३५६) निमंत्रण देतो.

रात्रपाळी_रिसेप्शन

लॉजिंगचं सांगतो.

जोडपं: दोन सज्ञान माणसांनी लग्न न करता एका खोलीत राहायला मनाई करणारा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं आहे. ‘पोलीस त्रास देतील’ हे काही कायद्याचं कारण होत नाही. दुसरी बाजूही खरी आहे: वैवाहिक स्थिती कलम १५(२) च्या यादीत नाही. त्यामुळे एखाद्या लॉजने ‘फक्त विवाहित’ हा आपला नियम ठेवला तर त्याने त्या कलमाचा भंग होत नाही. तो नियम बुकिंगच्या पानावर, पैसे भरायच्या आधी दिसला पाहिजे. पैसे घेतले, कन्फर्मेशन पाठवलं आणि रात्री अकराला सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसांना नियम सांगितला, तर ती सेवेतली त्रुटी आहे. नुसता परतावा देऊन ती भरून निघत नाही. माझं मत विचाराल तर हा नियम ठेवूच नका. दोघांचंही ओळखपत्र आणि वय बघा, दोघांचीही नोंद करा. त्यातलं एक १८ च्या आतलं असेल आणि सोबत पालक नसतील तर खोली द्यायची नाही, तिथे दुसरा विचार नको. संशय आला तर १०९८ (चाइल्डलाइन) किंवा ११२ ला कळवा.

गावातला पत्ता: ‘लोकल आयडी चालणार नाही’ असं सांगणारा कायदा नाही. १५(२) मध्ये ‘जन्मस्थान’ आहे, ‘राहण्याचं ठिकाण’ नाही, म्हणून हॉटेलवाले यातून सुटतात. पण कुणाच्या घरात रंगकाम चालू असतं, कुणाची रात्रीची शेवटची एसटी चुकते, कुणाला घरातल्या मारझोडीतून निघून यावं लागतं. शेवटच्या माणसाला दार बंद करणं मला तरी पटत नाही. पोलीस ठाण्याकडून तोंडी सूचना असेल तर लेखी आदेश मागा. पाहुण्यांच्या नोंदीबाबतचे आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) निघतात, आणि शासनाने मुदत वाढवली नसेल तर त्यांचं आयुष्य दोन महिन्यांचं. तारीख बघा. ओळखपत्र आणि रजिस्टर ठेवायला सांगणं वेगळं आणि स्थानिकांना खोली देऊ नका म्हणणं वेगळं.

एकट्या बाईला खोली नाकारणं थेट १५(२) मधल्या ‘लिंग’ या शब्दात येतं. इथे ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ हे उत्तर चालत नाही.

ओळखपत्र: आधारच हवं असा हट्ट नको. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना चालतो, आधार दिलं तरी मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) घ्या. ओळखपत्र दाखवायलाच नकार दिला तर खोली नाकारणं बरोबर. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. ती भरायचा कंटाळा म्हणून ‘फॉरेनर अलाउड नाही’ लिहिण्यापेक्षा सुरुवातीलाच पोर्टलवर हॉटेलची नोंदणी करून टाका.

नवा_काउंटर

हे सगळं उपयोगी आहे. दोन गोष्टी राहिल्या: बाहेरचं खाणं, विशेषतः वाढदिवसाचा केक, आणि सर्व्हिस चार्ज द्यायला नकार देणारा गट. शिवाय शनिवारी परमिट रूममध्ये ‘फक्त पुरुषांच्या गटाला प्रवेश नाही’ ठेवावं का?

तक्रार_अर्ज

सर्व्हिस चार्जवरून दार अडवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे शब्दांतच आहे: सर्व्हिस चार्जच्या वसुलीवरून प्रवेश किंवा सेवा रोखता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या.

बाहेरचं खाणं नाकारता येतं. सिनेमागृहांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ ला तेच धरलं: जागा खासगी आहे, मालक अट घालू शकतो, पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे. तान्ह्या मुलाचं खाणं आणि औषध यांना नियमातच सूट लिहून ठेवा. केकचं टेबल बुक करतानाच सांगा, मेणबत्त्या लावल्यावर नको.

पुरुषांच्या गटावर बंदी घालू नका असं माझं म्हणणं. स्त्रियांसाठी खास तरतूद करायची मुभा कलम १५(३) राज्याला देतं, बारमालकाला नाही. गोंधळाची भीती असेल तर एका बुकिंगमागे जास्तीत जास्त सहा माणसं, अशी सगळ्यांना लागू अट घाला.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने, कारण हा धागा तेही वाचतील. ग्राहक आयोगात जाण्याआधी एक अडचण ओळखा. २०१९ च्या कायद्यात ‘ग्राहक’ तोच, ज्याने मोबदला दिला किंवा द्यायचं कबूल केलं. ॲडव्हान्स किंवा कन्फर्म बुकिंग असेल तर बाजू भक्कम असते, दारातूनच परत पाठवलं असेल तर ती इथे लंगडी पडते. जातीवरून किंवा इतर मनाई असलेल्या कारणावरून नाकारलं असेल तर ग्राहक आयोगाची वाट न बघता पोलीस ठाण्यात जा. अ‍ॅट्रॉसिटीत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही (कलम १८अ).

बुकिंगच्या प्रकरणात आधी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार नोंदवा, मग जिल्हा आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत दोन वर्षं आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पण सीसीटीव्हीचं चित्रण दोन वर्षं कुणी ठेवत नाही, काही आठवड्यांत त्यावर नवं चढतं. म्हणून त्याच दिवशी ईमेलने हॉटेलला लिहा: तारीख, वेळ, नाकारणाऱ्याने वापरलेले शब्द, आणि ‘या वेळेचं चित्रण जपून ठेवा’.

कलम_आणि_कढई

एक भर. गावात जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं आणि ‘त्यांना चहा देऊ नका’ असा निरोप आला, तर तो पाळणारा हॉटेलवालाही अडचणीत येतो. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा (२०१६) याचसाठी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाटी लावायचीच असेल तर हक्क राखून ठेवण्यापेक्षा कारणं लिहा: ‘वयाचा पुरावा किंवा ओळखपत्र नसल्यास, जुनं बिल बाकी असल्यास, तसेच इतरांना त्रास होईल अशा वर्तनावरून सेवा नाकारली जाईल. धर्म, जात, लिंग, अपंगत्व यांवरून कुणालाही नाकारले जात नाही.’ आणि काउंटरखाली एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, वेळ, टेबल किंवा खोली नंबर, नेमकं काय वर्तन घडलं, कुणी नाही म्हटलं, साक्षीला कोण होतं, एवढे रकाने. ‘माणूस बरोबर वाटला नाही’ असं लिहायचं नाही, ‘९.४० ला शेजारच्या टेबलावर ग्लास फेकला’ असं लिहायचं. नागरी हक्क कायद्याच्या कलम १२ चं गृहीतक खोडायची वेळ आली तर त्याच रात्री लिहिलेली ही ओळ आणि चित्रण, दोन्ही हाताशी लागतात.