घरात लहान मुलं, लायसन्सचं .३२ रिव्हॉल्वर आणि बारा बोअर: ठेवायचं कसं?

मळेवाला
निफाडजवळ मळ्यात घर, शेजारी अर्ध्या किलोमीटरवर. शस्त्रं दोन. माझ्या लायसन्सवर ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर आणि वडिलांच्या लायसन्सवर बारा बोअर डबल बॅरल. मुलं ४ आणि ११ वर्षांची, सुटीत भाचरंही असतात.

सध्या रिव्हॉल्वर लोखंडी कपाटाच्या आतल्या तिजोरीत, कातडी होल्स्टरमध्ये. काडतुसं त्याच कप्प्यात. बंदूक कपाटामागे भिंतीला टेकवलेली. कपाटाची चावी साड्यांच्या घडीखाली. इलेक्ट्रॉनिक सेफ घ्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा, कुठे बसवावा, आणि रात्री गरज पडली तर पटकन हाती कसं येईल? जाणकारांनी नीट सांगावं.

बाराबोर
सेफचं मॉडेल नंतर बघू. आधी चावीचं बोलू, कारण तुमच्या मांडणीत सगळ्यात कच्चं तेच आहे. साड्यांखाली, देवघरात, कपाटावर, दाराच्या चौकटीवर: चावी ठेवायच्या जागा घरोघरी ह्याच, आणि त्या पोरांना तोंडपाठ असतात. ११ वर्षांच्या मुलानं तुम्हाला कपाट उघडताना शंभरदा पाहिलंय. लोखंडी कपाटातली तिजोरी दागिन्यांसाठी असते. दिवसातून चार वेळा उघडणाऱ्या कपाटात शस्त्र नको.

आज रात्रीच करायचं, खर्च शून्य:

रिव्हॉल्वर रिकामं करा. मुलं दुसऱ्या खोलीत, दार बंद. २० लिटरची बादली कोरड्या वाळूनं काठोकाठ भरा आणि नळीचं तोंड वाळूकडे ठेवा. बोट चापाच्या कडीबाहेर. खिट्टी दाबून रिव्हॉल्वर पूर्ण मोडा (म्हणजे बिजागरीवर उघडा), अर्धवट नाही. ह्या मॉडेलमध्ये उघडताना मधली चांदणी वर येऊन काडतुसं बाहेर ढकलते. हळूहळू किंवा अर्धवट उघडलं तर एखादं काडतूस चांदणीखाली घसरून अडकतं, आणि आपण समजतो रिकामं झालं. सहा काडतुसं हातात मोजा, सहा चेंबरमधून (काडतुसांच्या घरांतून) उजेड बघा, करंगळी फिरवून खात्री करा.

डबल बॅरल मोडून दोन्ही काडतुसं काढा. मग पुढचा लाकडी हातधरा काढून नळ्या ॲक्शनपासून (चाप-घोड्याच्या यंत्रापासून) वेगळ्या करा. नळ्या एका कुलपात, दस्ता दुसऱ्या. भिंतीला टेकवलेली बंदूक नुसती पडली तरी धोका असतो, कारण बऱ्याच दुनळ्यांचा सेफ्टी कॅच फक्त चाप अडवतो, आतले घोडे (काडतुसावर आदळणारे हातोडे) ताणलेलेच राहतात. सेफ्टी कॅचला कुलूप समजू नका.

काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात, वेगळ्या खोलीत. मूळ खोक्यातच ठेवा आणि झाकणाच्या आत नग लिहा. तो आकडा लायसन्सवर लिहिलेल्या मर्यादेच्या आतच हवा. एखादं कमी झालं तर त्याच दिवशी कळतं.

पिस्तूलवाल्यांसाठी जाता जाता: आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायची. उलटं केलंत तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते, स्लाइड मॅगझिनमधली पुढची आत सारते, आणि "रिकामं" पिस्तूल भरलेलं राहतं.

खडकमाळ
हे सगळं ठीक. पण मग शस्त्र घेतलं कशाला? दरोडेखोर दार तोडतायत आणि आपण एका खोलीत नळ्या शोधतोय, दुसऱ्या खोलीत काडतुसं! मळ्यात पोलीस यायला पाऊण तास लागतो. भरलेलं रिव्हॉल्वर उशाशी, मुलांना सक्त ताकीद. आमच्या भागात वर्षानुवर्षं असंच चालतं.

बाराबोर
@खडकमाळ, चालतं ते एखाद दिवशी चालत नाही म्हणून तर धागा आहे. ताकदीचा मुद्दा घ्या. डबल ॲक्शनचा (चाप ओढला की घोडा आपणच मागे जाऊन सुटतो असा) चाप जड असतो, लहान पोराला ओढवणार नाही, हा समज चुकीचा आहे. चार वर्षांचं मूल एका बोटानं ओढत नाही. ते दस्ता उलटा धरतं, तोंड स्वतःकडे करतं आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतं. तेवढा जोर त्याच्यात असतो. घोडा आधीच मागे ओढलेला असेल तर एवढ्या जोराचीही गरज नाही.

"सक्त ताकीद" ह्यावरही अभ्यास झालाय. २००१ मध्ये अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना एका खोलीत बसवलं, ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. ज्यांना सापडलं त्यातल्या बहुतेकांनी ते हाताळलं किंवा हाताळणाऱ्यांसोबत होते, काहींनी चापही ओढला. आणि ह्यातल्या बहुतेकांना बंदुकीबद्दल आधी शिकवलेलं होतं. शिकवावंच, पण त्याला कुलूप धरू नये.

पाऊण तासाचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर ऑस्टिनकर सांगतील, त्यांच्याकडे पटकन उघडणाऱ्या कुलूपपेट्या रोजच्या आहेत.

ऑस्टिनकर
इथे टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणामुळे भरलेलं शस्त्र लागलं तर मालकावर गुन्हा दाखल होतो (पीनल कोड ४६.१३). त्यामुळे "पटकन पण बंद" ह्यासाठी पेट्या भरपूर मिळतात. भरलेलं शस्त्र एकतर जागेपणी आपल्या अंगावर, नाहीतर कुलपात. उशी, गादी, ड्रॉवर हे पर्यायच नाहीत.

कुलपांचे प्रकार, माझ्या पसंतीच्या क्रमानं:

यांत्रिक पुशबटण. पाच बटणं, हवं तर दोन एकदम दाबायची. बॅटरी नाही. अंधारात हातानं चाचपत तीन-चार सेकंदांत उघडतं. उणीव अशी की एकूण जुळण्या १,०८२ च. मोठ्या मुलाला निवांत दुपार मिळाली तर तो क्रमानं करून बघू शकतो. म्हणून पेटी तुमच्या निजायच्या खोलीत, आणि दिवसा त्या खोलीला कुलूप.

कीपॅड. दर्जा आतल्या यंत्रावर ठरतो. स्वस्त सेफमध्ये सोलेनॉइड असतो, म्हणजे स्प्रिंगवर टेकलेली एक छोटी पिन. वरून बुक्की मारत मूठ फिरवली की पिन क्षणभर उडते आणि दार उघडतं. दुकानातच करून बघा: सेफ बंद करा, वर जोरात थोपटा, मूठ फिरवा. उघडलं तर परत द्या. मोटरनं बोल्ट सरकवणारं यंत्र घ्या.

बोटाचा ठसा. शेतकाम, सिमेंट, चुना हाताळणाऱ्यांचे ठसे झिजतात. ओल्या किंवा तेलकट बोटालाही नकार येतो. घ्यायचंच तर सोबत कीपॅड असलेलं, आणि एकाच बोटाचा ठसा तीन-चार वेळा वेगवेगळ्या कोनांतून नोंदवा.

कुठलाही इलेक्ट्रॉनिक सेफ आणला की आधी कारखान्याचा मास्टर कोड बदला. हॉटेलछाप सेफमध्ये तो सहा शून्यं वगैरे असतो आणि यूट्यूबवर सगळ्यांना माहीत असतो. फक्त युजर कोड बदलून लोक थांबतात, मास्टर तसाच राहतो. कोड जन्मतारीख, गाडीचा नंबर, मोबाइलचे शेवटचे चार आकडे नको. चारच बटणं बोटांनी चकचकीत झाली की कोड अर्धा कळलाच, म्हणून बटणं पुसा आणि कोड बदलत राहा.

सोबत येणारी इमर्जन्सी चावी त्याच घरात ठेवू नका. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. ती कपाटात ठेवली की गाडी पुन्हा साड्यांच्या घडीवर.

मळेवाला
सोलेनॉइडचं माहीत नव्हतं, आभार. सुतार म्हणतो वॉर्डरोबच्या प्लायला आतून स्क्रू मारून देतो. चालेल? आणि रिव्हॉल्वरला केबल लॉक लावावं की चापाचं?

गवंडीकाम
प्लायला अजिबात नको. १८ मिमी प्लायमधून पहारीनं सेफ फळीसकट निघतो, चोर तो घेऊन जातो आणि मळ्यात बसून फोडतो. सेफच्या पाठीला आणि तळाला मिळून चार भोकं असतात. लोक दोनच वापरतात. चारही वापरा.

आरसीसी स्लॅब किंवा कॉलम मिळाला तर १० मिमीचे अँकर बोल्ट, काँक्रीटमध्ये किमान ६० मिमी आत. भोक पाडल्यावर आतली धूळ फुंकून, ब्रशनं काढा. धूळ राहिली तर अँकर पकडत नाही, नट आवळताना बोल्ट नुसता फिरतो. चार इंची विटेच्या भिंतीत अँकर फुगताना वीटच फुटते. तिथे बोल्ट आरपार काढून पलीकडून ५ मिमीची लोखंडी पट्टी द्या. खाली फरशी असेल तर फरशीची जाडी आणि खालचा मसाला मोजून तेवढा लांब बोल्ट घ्या, नाहीतर अँकर मसाल्यातच बसतो. काम सुरू असताना आत काय ठेवणार हे सुताराला, गवंड्याला सांगायची गरज नाही.

उंचावर बसवून काही मिळत नाही. खुर्ची, स्टूल, पलंगाची कड, पोरं चढतातच.

बाराबोर
केबल घ्या. चापाचं कुलूप म्हणजे कडीच्या दोन बाजूंनी आवळणारे दोन तुकडे. कडी मोठी असेल तर आत ढिलं बसतं आणि हलवल्यावर चाप दाबला जाऊ शकतो. भरलेल्या शस्त्राला ते कधीच लावायचं नाही, बसवतानाच गोळी सुटायची भीती.

केबल अशी: रिव्हॉल्वर मोडलेलं. केबल नळीच्या तोंडातून आत, वरच्या चेंबरमधून मागे बाहेर, आणि कुलूप. आता ते मिटूच शकत नाही, आणि मिटत नाही तर उडतही नाही. आवरणासकट केबल ६ मिमीपर्यंतच घ्या, .३२ ची नळी जेमतेम ८ मिमी. पेटी आणि केबल दोन्ही वापरायचं म्हणजे पेटी उघडी राहिली तरी दुसरा अडसर असतो. मुलं लहान असेपर्यंत रिकामं, केबल लावलेलं, काडतुसं वेगळी, हीच माझी शिफारस. मळ्यातल्या घराला वेळ मिळवून द्यायचं काम ग्रिलचं दार, आतून अडसर, अंगणातला सेन्सर दिवा आणि कुत्रं करतं.

कायद्याचं थोडक्यात. अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवायची हमी आपण लिहून दिलेली असते. लायसन्सची अट मोडली तर आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. कलम ९ प्रमाणे २१ वर्षांखालच्यांना शस्त्र बाळगता येत नाही. चोरीला गेलं तर लगेच पोलीस ठाण्यात कळवायचं, म्हणून नंबरचा फोटो आणि लायसन्सची प्रत सेफबाहेर ठेवा. वडिलांची बंदूक त्यांच्या लायसन्सवर आहे, तिच्या सेफचा कोड त्यांच्याकडेच असू द्या. दोघांचं एका पेटीत ठेवायचं असेल तर आधी कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा.

कोकणी_माणूस
कातडी होल्स्टरमध्ये ठेवणं बंद करा. कातडं ओल धरतं, त्यातली कमावण्याची रसायनं धातूला खातात, पावसाळ्यात दोन महिन्यांत निळ्या पॉलिशवर पुळ्या दिसतात. तेलाचा पातळ हात, कोरडं सुती कापड, सेफमध्ये सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, विषारी. तेही मुलांपासून दूर. काडतुसांना तेल लावू नका, मागच्या टोपीत (ठिणगी देणाऱ्या भागात) झिरपलं की ती फुसकी निघतात. सेफमधले सेल जूनच्या आधी बदला, फुटलेला सेल संपर्काच्या पट्ट्या खातो.

आणि खंडेनवमी. शस्त्रं वर्षातून एकदा सगळ्यांसमोर निघतात ती त्या दिवशी, नेमकी भाचरं घरी असताना. पाटावर मांडण्याआधी रिकामी करून तपासा, काडतुसं पेटीतून काढूच नका, हळद-कुंकू दस्त्याला टेकवा, नळीला नाही. पूजा उरकली की पुसून लगेच आत, आरतीनंतर जेवणं होईपर्यंत पाटावर नको. हौसेचे बार काढले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे.

समुपदेशक_नगर
मोठ्या मुलाबद्दल. चार वर्षांचं पोर कुतूहलानं हात लावतं. बारा-पंधराच्या वयात कारण वेगळं असू शकतं: निकाल, प्रेमभंग, घरातली भांडणं. त्या वयात टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळापुरता येतो, आणि शस्त्र हाताशी असेल तर तेवढा वेळही पुरतो. कोणाचीही, मोठ्यांचीसुद्धा, मनःस्थिती बिघडली असेल तर कोड बदलणं पुरेसं नाही. शस्त्र घराबाहेर काढा. परवानाधारक डीलरकडे सेफ कस्टडीत किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या, निवडणुकीत करता तसंच. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही चालतो.

लहानग्याला चारच गोष्टी शिकवा: दिसलं की थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग. दुसऱ्याच्या घरात शस्त्र दिसलं तर ह्याच कामी येतात.

मळेवाला
रिव्हॉल्वर रिकामं केलं, नळ्या वेगळ्या केल्या. निवडणुकीनंतर ठाण्यातून परत आलेली सहा जुनी काडतुसं वेगळी सापडली, हिरवट पडलीत. त्यांचं काय करू?

बाराबोर
घासू नका, तेल लावू नका, आगीत किंवा विहिरीत टाकू नका. ज्या डीलरकडून काडतुसं घेता त्याच्याकडे लायसन्स घेऊन जा, जमा करा आणि पावती घ्या. पावती लायसन्ससोबतच ठेवा.