सल्ला हवा: ‘क्लारा अँड द सन’ चार रविवारांत, नागपूरच्या उन्हाळ्यात (कथानक उघड आहे)

धरमपेठ_वाचनकट्टा
नमस्कार मंडळी. आमचा अकरा जणांचा गट आहे. मे महिन्यात काझुओ इशिगुरो यांची २०२१ ची ही कादंबरी घेतोय. तिची निवेदक क्लारा ही यंत्रमानव आहे, जोसी या आजारी मुलीची सोबतीण म्हणून दुकानातून घेतलेली. हातात चार रविवार आहेत. निम्मे जण मराठी माध्यमातले, इंग्रजी वाचतात पण हळू. चर्चा पूर्ण मराठीत होते. तीन अडचणी आहेत. सहा भाग चार बैठकांत कसे वाटायचे? त्यातल्या खास शब्दांना मराठीत काय म्हणायचं? आणि ‘यंत्र सूर्याला देव मानतं, म्हणजे ते बावळट आहे’ असं कोणी म्हणालं की चर्चा तिथेच थांबते, तिला पुढे कसं न्यायचं? सोबत वाचायला एखादं पुस्तक सुचवलं तर बरं होईल जी.

खण_आणि_चौकटी
सहा भाग सारखे नाहीत, त्यामुळे पानं मोजून वाटणी करू नका. पहिल्या रविवारी भाग १ आणि २, म्हणजे दुकान, जोसीचं घर आणि मॉर्गन्स फॉल्सची सहल. दुसऱ्या रविवारी फक्त भाग ३, मॅकबेनच्या कोठारातल्या प्रसंगापर्यंत. तिसऱ्याला फक्त भाग ४, आणि त्याला अडीच तास ठेवा. शेवटी ५ आणि ६.

भाग ३ आणि ४ एकाच बैठकीत घेतले की हमखास बिघडतं. जोसीचं ‘पोर्ट्रेट’ म्हणजे नेमकं काय, हे भाग ४ मध्ये ते करणाऱ्या कपाल्डीच्या स्टुडिओत उघडतं. ते चित्र नसतं. जोसी गेलीच तर क्लाराने तिची जागा घ्यावी, म्हणून केलेली ती तयारी असते. हे आधीच कळलेला माणूस भाग ३ वर जे काही बोलेल ते पश्चातबुद्धीनेच बोलेल. म्हणून दुसऱ्या रविवारी उठण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: पोर्ट्रेट कशासाठी चाललंय असं तुम्हाला वाटतं? चिठ्ठीवर नाव नको. तिसऱ्या रविवारी आधी त्या उघडा, मग बोला. मॉर्गन्स फॉल्सला जोसीला घरी ठेवून आई एकट्या क्लाराला नेते आणि तिला जोसीसारखं बोलायला लावते. हा धागा कोणी पकडला होता आणि कोणाच्या हातून सुटला, ते चिठ्ठ्यांत दिसेल.

हळू वाचणाऱ्यांसाठी वहीत दोन रकाने: डावीकडे ‘क्लाराने काय पाहिलं’, उजवीकडे ‘तिने काय समजून घेतलं’. भागाला चार-पाच नोंदी पुरतात, जास्तीचा हट्ट धरला की लोक वाचणं सोडून कारकुनी करायला लागतात. क्लाराला समोरचं दृश्य चौकोनी खणांमध्ये तुटलेलं दिसतं त्या पानांवर मात्र खूण हवीच. दृश्य गुंतागुंतीचं झालं किंवा ताण वाढला की हे होतं. मॉर्गन्स फॉल्सला आईचा चेहरा अनेक खणांत दिसतो, एका खणात डोळे क्रूरपणे हसताहेत, शेजारच्यात दुःखाने भरलेत. आपण ‘तिच्या मनात दोन्ही होतं’ असं म्हणून मोकळे झालो असतो. क्लाराला दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळं दिसतं. निवेदक यंत्र असल्याचा खरा उपयोग इथे होतो.

वाळ्याची_ताटी
शब्दांबद्दल. ‘एएफ’ तसंच ठेवा, पहिल्यांदा एकदा ‘कृत्रिम मैत्रीण’ सांगा. मुलांवरच्या जनुकीय बदलाला पुस्तकात ‘लिफ्टेड’ म्हणतात आणि त्याचा अर्थ बराच वेळ उलगडत नाही. ‘सुधारित’ म्हटलं की बियाण्याचं वाण आठवतं आणि गुपित फुटतं. ‘उन्नत केलेली मुलं’ म्हणा, त्यातलं ‘केलेली’ गाळू नका, कारण निर्णय मुलांचा नसतो. मुलं ज्या उपकरणावर शिकतात त्या ‘ऑब्लाँग’ला ‘पाटी’ चालेल.

खरी मेख ‘द मदर’ या शब्दात आहे. क्लारा जोसीच्या आईला असंच म्हणते, पदनाम असावं तसं. मराठीत ‘आई म्हणाली’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याला ती क्लाराचीच आई वाटते आणि सगळं अंतर पुसलं जातं. प्रत्येक वेळी ‘जोसीची आई’ म्हणा, लांबलं तरी चालेल. बोलण्यात क्लारा जोसीला ‘तू’ आणि आईला ‘तुम्ही’.

सूर्याचंही तसंच. इंग्रजीत वस्तूला नपुंसकलिंग वापरतात, त्यामुळे क्लारा त्याला पुरुषवाचक सर्वनाम लावते तेव्हा वाचक थबकतो. मराठीत सूर्य मुळातच ‘तो’, म्हणजे परिणाम शून्य. ‘सूर्यदेव’ म्हटलं तर लेखकाने जे सांगितलेलं नाही ते आपण सांगून बसतो. आदरार्थी बहुवचन वापरा: ‘सूर्य आज उशिरा आले.’ एवढ्यानेच काम होतं.

शून्य_सावली
आता ‘बावळट’ या आक्षेपाकडे. क्लारा सौरऊर्जेवर चालते. सूर्य पोषण देतो हे तिच्यापुरतं शब्दशः खरं आहे, रोज तपासलेलं. मग दुकानाच्या खिडकीतून तिला भिकारी आणि त्याचा कुत्रा निश्चल पडलेले दिसतात, ती त्यांना मेलेले समजते. दुसऱ्या दिवशी उन्हात दोघे जिवंत. हा तिचा दुसरा पुरावा. तिसरा: धूर ओकणारं कूटिंग्स यंत्र सूर्याला झाकतं, म्हणजे सूर्याचंही काहीतरी बिघडवता येतं. गटाला विचारा की या साखळीतली नेमकी कोणती कडी कच्ची आहे. बहुतेकांचं बोट दुसरीवर जातं, आणि तिथे चूक तर्काची नसून पाहण्याची आहे. मग बावळट हा शब्द आपोआप मागे पडतो.

मॅकबेनच्या कोठारात क्लारा जोसी बरी व्हावी म्हणून सूर्याकडे मागणं मागते, ते म्हणजे सरळ नवस आहे. फरक क्रमाचा. आपल्याकडे आधी फळ, मग नवस फेडणं. क्लारा आधी किंमत मोजते: ते धुराचं यंत्र बंद पाडण्यासाठी स्वतःच्या डोक्यातलं द्रावण काढून देते, आणि पुढे दुसरं तसंच यंत्र दिसतं. तरी ती पुन्हा कोठारात जाते. सूर्याने जोसीला खरंच बरं केलं का, यावर वाद घालू नका. लेखकाने ते मुद्दाम बंद केलेलं नाही, तासभर जाईल आणि हाती काही लागणार नाही.

एक नागपुरी अडचणही आहे. या पुस्तकातलं ऊन खिडकीतून तिरपं येणारं, हवंहवंसं आहे. आपल्याकडे २५ मेपासून नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस), २६ च्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर आणि सावली पायाखाली. कूलरसमोर बसून ‘सूर्याची कृपा’ वाचणाऱ्याला ती मनापासून पटत नाही. म्हणून भाग ३ ची बैठक सकाळी नको. पश्चिमेला खिडकी असलेली खोली घ्या, कोठाराचा प्रसंग साडेसहाला मोठ्याने वाचायला सुरू करा. मेअखेर आपल्याकडे सूर्य सातला दहा-बारा मिनिटं कमी असताना मावळतो, त्यामुळे तिरपं ऊन वाचता वाचता भिंतीवर येतं.

बर्डीचा_वाचक
नवसाशी मी अर्धाच सहमत आहे. नवस बहुतेक वेळा घरात माहीत असतो, फेडताना तर चारचौघांत फेडतात. क्लारा कोणालाच सांगत नाही. जोसीच्या वडिलांकडून मदत घेतानासुद्धा कारण सांगत नाही, नुसता विश्वास मागते. सांगितलं तर परिणाम जाईल अशी तिला भीती आहे. गटात ‘नवस’ शब्द वापरा, पण हा फरक लगेच मांडा, नाहीतर सगळे आपापल्या कुलदैवताच्या गोष्टी काढतील.

सोबत वाचायला यंत्रमानवांची कथा शोधू नका. आसिमोव्हची ‘रॉबी’ (१९४०) मुलगी आणि यंत्राचीच आहे, पण तिथे यंत्राकडे बाहेरून पाहिलंय. इशिगुरोंच्याच ‘द रिमेन्स ऑफ द डे’ची (१९८९) पहिली तीस पानं घ्या. तिथला निवेदक माणूस आहे, बटलर. सेवा हेच आयुष्य मानणारा आणि स्वतःच्या मनाबद्दल कमीत कमी बोलणारा. दोन्ही आवाज शेजारी ठेवले की क्लाराचा अलिप्तपणा यंत्राचा किती आणि सेवकाचा किती, यावर बोलता येतं.

धरमपेठ_वाचनकट्टा
खूप उपयोगी, सर्वांचे आभार. शेवटचं विचारतो: क्लारा शेवटी ज्या भंगार यार्डात पडून असते, तिथला शेवट कसा घ्यावा? सगळे भावुक होतील आणि बोलणंच खुंटेल अशी भीती आहे.

खण_आणि_चौकटी
जोसीमधलं खास असं काही तिच्या आत नव्हतं, ते तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आत होतं, असं क्लारा दुकानातल्या जुन्या मॅनेजरला सांगते. लोक हे वाक्य उचलून कादंबरीचं सार म्हणून मिरवतात. घाई करू देऊ नका. त्याच भागात मागे जा. कपाल्डीला संशोधनासाठी क्लाराला उघडून पाहायचं असतं आणि जोसीची आई ठाम नकार देते, तिला हळूहळू विझू द्या म्हणते. आधी ही पानं वाचा, मग यार्डाची. नंतर क्लाराचंच माप क्लाराला लावा: तिच्यातलं खास काही असेल तर ते या घरात कोणाच्या आत आहे? आई, जोसी, तिचा शेजारचा मित्र रिक, मॅनेजर, एकेकाचं नाव घ्या आणि प्रत्येकासाठी पुस्तकातला एक प्रसंग मागा. प्रसंग मागितला की बोलणं चालू राहतं.

धरमपेठ_वाचनकट्टा
ठरलं. दुसरी बैठक संध्याकाळी सहाला, पश्चिमेच्या खोलीत. चिठ्ठ्या त्याच दिवशी लिहून डब्यात बंद.