बायकोची पहिली गिअरवाली गाडी, तुमच्याकडे कशी ठरली?

मंडळी, घरात विषय पेटलाय. बायकोला गिअरची मोटारसायकल चालवायचीय. स्कूटी येते तिला, कॉलेजपासून चालवतेय, पण आता म्हणे गिअरचीच पाहिजे. आम्ही जळगावात, तिची शाळा शिरसोलीच्या पुढे, उंची ५ फूट १ इंच. मी पंधरा दिवस बसून एक्सेलमधे तक्ता केला, ११ गाड्या, मायलेज, वजन, सीटची उंची, सर्व्हिसचा खर्च, सगळं. तिनं तो तक्ता पाहिला आणि विचारलं, यात मी कोणत्या रकान्यात आहे? म्हणून इथे विचारतोय. पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून झालेत, आपल्याकडचे रस्ते, आपलं ऊन आणि आपल्याकडच्या सासवा धरून काय अनुभव असतील ते लिहा. बायांनी लिहिलं तर जास्तच बरं.

अमळनेरहून

आमच्या घरची गिअर शिकलेली बायको मीच, त्यामुळे माझ्याकडून ऐका. नवीन गाडी घेऊच नका आधी. मी दिराच्या जुन्या स्प्लेंडरवर शिकले, तिला आधीच इतके खरचटे होते की माझे चार वाढले तरी कोणाला कळलं नाही. गहू काढून झाल्यावर खळं मोकळं होतं तिथे पहिले तीन दिवस अ‍ॅक्सिलेटरला हातच लावला नाही, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा बस, गाडी आपोआप चालायला लागते पायी चालल्यासारखी, आणि क्लच कुठे पकडतो ते हाताला समजतं. ते एकदा समजलं की अर्धं काम झालं. सासूबाई ओट्यावरून रोज ओरडायच्या "पडी जाशी व माय!" आणि मी खरंच दोनदा पडले, दोन्ही वेळा उभ्या उभ्या, चालताना एकदाही नाही. अजून एक, नवऱ्याकडून शिकू नका. आमचे हे मागे बसून क्लच क्लच ओरडायचे, तिसऱ्या दिवशी मी गाडी शेतात सोडून पायी घरी आले. मग १९ वर्षांच्या भाच्यानं शिकवलं, तो मोबाईल बघत बसायचा, तेच बरं पडलं.

धुळ्याहून

माझी चूक लिहितो, हसायचं तर हसा. पाडव्याला सरप्राईज म्हणून बायकोला साडेतीनशे सीसीची गाडी आणली, हार घालून, पेढे वाटून. ती एकदा बोलली होती की तिला असली गाडी आवडते. आवडते म्हणजे बघायला आवडते हे मला कळायला पाहिजे होतं. सोसायटीच्या गेटपाशी वळताना गाडी उजवीकडे कलली, पाऊणे दोनशे किलोच्या वर वजन, एकदा कलली की ओढून धरता येत नाही, लेगगार्ड होता म्हणून पाय वाचला. त्यानंतर आठ महिने तिनं चावीला हात लावला नाही. गाडी मीच चालवतो. मित्र म्हणतात स्वतःसाठीच आणली होती, आणि खरं सांगू का, त्यांचं पूर्ण चुकीचं नाहीये. नंतर ती मैत्रिणीला घेऊन गेली आणि शाईन १०० बुक करून आली, ९९ किलोची. मला नेलं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्द आले, "टोकन दिलं".

भुसावळहून

माझी उंची ४ फूट ११ इंच. मला सगळे अ‍ॅव्हेंजर घे म्हणत होते कारण सीट खाली आहे, ७३७ मिलिमीटर म्हणजे २९ इंच. बसल्यावर दोन्ही पाय मस्त टेकले. पण पार्किंगमधून मागे ढकलायला गेले तर जागची हलेना, स्ट्रीट १६० मॉडेल १५६ किलोचं, आणि हँडल पूर्ण वळवलं की बाहेरचा हात पोचेना. स्प्लेंडरची सीट ७८५ आहे पण गाडी बारीक, ११२ किलो, मांड्या फाकत नाहीत, त्यामुळे पंजे टेकतात. कागदावरची उंची बघून काही कळत नाही हो, सीटची रुंदी पण मोजावी लागते. आणि दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असं डोक्यात होतं ते निघालं, थांबताना डावा टेकतो, उजवा मागच्या ब्रेकवर असतो, झालं. शोरूमला जाताना रोजच्या चपला-बूट घालून जा, लग्नातल्या हिल्स नको. आणि तो शोरूमवाला माझ्या तोंडावर नवऱ्यालाच मायलेज सांगत होता, शेवटी हेच म्हणाले, दादा मला का सांगताय, मी रेल्वेनं जातो.

पाचोऱ्याहून, गॅरेजवाला

ताईंच्या गाड्या येतात माझ्याकडे म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे क्लचवायर, जुन्या गाडीचा क्लच दगडासारखा असतो आणि बाई म्हणते मला जमत नाही, अहो मलाही जमणार नाही तो. वायर नवी टाका, तेल सोडा, क्लचची काडी (लिव्हर) बोटांना पोचेल इतकी खाली वळवून द्या, चिल्लर काम आहे. दुसरं, चेनला पूर्ण कव्हर असलेली गाडी घ्या. ओढणी, पदर, सलवारची मोकळी बाजू, चेनमधे गेली तर सोडवायला वेळ मिळत नाही. साडीगार्ड काढून टाकतात पोरं स्टाईलसाठी, ते तर नियमानंच लागतं गाडीला. सीट उंच वाटली तर फोम कापून इंचभर कमी होते, ते करा, पण शॉकअप खाली करायच्या भानगडीत पडू नका, आपल्या गावांमधले गतिरोधक बघितलेत ना, खालून इंजिन घासेल.

आणि पडलेली गाडी उचलायला शिकवा आधी, चालवायला नंतर. इंजिन बंद, गिअरमधे ठेवा म्हणजे सरकत नाही. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उभी होऊन पलीकडे पडते, माझ्या दुकानापुढे पडलीय अशी. मग गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला लावायची, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. कंबरेतून वाकून उचलाल तर पाठ जाईल. माझ्या पोरीनं १४व्या वर्षी उचलली, चालवायची परवानगी मात्र १८ नंतर.

धडगावहून

मी नर्स आहे. चांदसैली घाट आठवड्यातून दोनदा. स्कूटी होती आधी, तिचं चाक लहान, खड्ड्यात बसतं आणि उतारावर सगळा भार ब्रेकवर. गिअरच्या गाडीला १७-१८ इंची चाक आणि उताराला दुसऱ्या गिअरमधे ठेवली की इंजिनच धरून ठेवतं. पावसाळ्यात पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, थोडा थोडा. बाकी माझ्या नवऱ्यानं गाडी निवडली नाही, पंक्चर काढायला शिकवलं, म्हणजे ट्यूबलेस टायरला दोरी भरायला. ते जास्त कामाला येतं.

चाळीसगावहून

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही. स्कूटीचं लायसन म्हणजे विनागिअरचं असेल तर त्यावर मोटारसायकल चालत नाही, गिअरवाला क्लास वाढवून घ्यावा लागतो, त्यासाठी परत लर्निंग, ते सहा महिने चालतं, आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. म्हणजे गाडी घरात येण्याच्या महिनाभर आधीच लर्निंग काढा. गाडी वहिनींच्याच नावावर घ्या. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो तो ज्याच्या नावावर गाडी त्याचा, आणि त्याच्याकडे त्या गाडीचं लायसन लागतं. आम्ही माझ्या नावावर घेतली होती, एजंटनं काही सांगितलं नाही, नंतर ट्रान्सफर करत बसलो.

रावेरहून

आमच्याकडे उलटं आहे, मला गाडी येत नाही. बायको चालवते, मी मागे बसतो, मांडीवर केळीच्या हिशोबाची पिशवी. लोक बघतात. बघू दे.

मी, धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. रविवारी गेलो, ती पुढे, मी चार पावलं मागे. सात गाड्यांवर बसली, प्रत्येक गाडी डबल स्टँडवरून काढून पुन्हा लावून बघितली (हे मला सुचलंच नव्हतं, तक्त्यात रकाना नव्हता). शेवटी नवीन काही घेतलं नाही, तिच्या मामेभावाची जुनी स्प्लेंडर वर्षभरासाठी आणलीय, क्लचवायर पाचोऱ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे बदलली. लर्निंगचा फॉर्म भरला. ऊन चढायच्या आत, पहाटे सहाला मेहरूण तलावाकडे सराव चालतो, मी कट्ट्यावर बसतो, तोंड उघडायचं नाही या अटीवर. काल तीन वेळा बंद पडली. तिसऱ्या वेळेला माझ्या तोंडात "क्लच" आलं होतं, चहा पिऊन टाकला.