ऑटिझमवाल्या पोराले गाण्यानं सवय लागते का?

दारव्ह्याकडची आई: पोरगा सहा वर्षाचा हाय, बोलत नाही, पण खंजेरी भजन लागलं की मांडीवर बरोब्बर ठेका धरते. आंघोळीचं नाव काढलं की डोकं आपटते. गाण्यानं खरंच फरक पडते का जी?

अंगणवाडी ताई: पडते, पण मोबाईलवर नको, तोंडानंच म्हणा. "चला न्हाणीत, पाणी कोमट" अशा दोन ओळी, रोज तेच शब्द, तीच चाल, अन् फक्त आंघोळीलेच. पाणी टाकता टाकता म्हणा, गाणं संपलं की टॉवेल. म्हणजे पुढं काय हाय अन् कधी संपते ते त्याले कळते. जमलं की शेवटचा शब्द सोडून थांबून पहा, काही पोट्टे तो स्वतःच भरतेत.

यवतमाळकर: जादू समजू नका बरं. २०१७ मधे नऊ देशातल्या ३६४ लेकरांचा अभ्यास आला, म्युझिक थेरपीनं मुख्य लक्षणांत खास फरक नाही दिसला. २०२२ चा कोक्रेन आढावा, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, जरा आशादायक हाय. म्हून स्पीच थेरपी सोडू नका, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लेकरांच्या वाढीच्या अडचणी लवकर तपासून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, चौकशी करा.

वणीचा बाप: अन् आवाज हळू ठेवा. आमची पोरगी घरात गाते पण वरातीचा डीजे आला की कान दाबून पलंगाखाली. डोकं आपटणं वाढलं तर आधी कान, दात दाखवा, दुखत असलं तं सांगता येत नाही ना त्यायले.

दारव्ह्याकडची आई: दाताचं डोक्यातच नव्हतं आलं. सोमवारी नेतो.