क्वीनचं तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं? (बोहेमियन रॅप्सडी सोडून)

खिडकीची_सीट

नमस्कार मंडळी, गेले दोन महिने ऑफिसला जातायेता क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम ओळीने ऐकतोय. १९७३ च्या पहिल्या ‘क्वीन’पासून सुरुवात केली आणि परवा १९९१ च्या ‘इन्युएन्डो’ला पोचलो. त्याआधी माझ्यासाठी क्वीन म्हणजे मॅचच्या मधे स्टेडियममध्ये वाजतात ती दोन गाणी आणि बोहेमियन रॅप्सडी, बास. आता असं झालंय की रोज नवीन गाणं आवडतं आणि बोलायला जवळपास कोणी नाही, म्हणून हा धागा.

मला सगळ्यात भारी काय वाटलं तर या बँडमध्ये चौघांच्याही नावावर हिट गाणी आहेत, गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे, ड्रमर रॉजर टेलर आणि बासवाला जॉन डीकन, चौघेही लिहायचे आणि चौघांची लिहिण्याची पद्धत पार वेगळी. त्यामुळे कुणाला कुठलं गाणं आवडतं त्यावरून तो मनाने कुणाच्या पार्टीत आहे ते कळतं असं मला वाटायला लागलंय.

माझं गाणं ‘थर्टी नाइन’, १९७५ च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’मधलं. ब्रायन मेने लिहिलंय आणि रेकॉर्डवर गायलंयही त्यानेच. ऐकायला एकदम लोकगीतासारखं, अकूस्टिक गिटार, सगळ्यांनी मिळून म्हणायची चाल, मी पहिले आठ-दहा वेळा नुसता पायाने ठेका धरून ऐकलं. मग एक दिवस शब्द वाचले आणि हललोच. काही लोक नवीन जग शोधायला यानातून निघतात, त्यांच्या हिशोबाने एक वर्ष जातं आणि परत येतात तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटून गेलेली. वेगात जाणाऱ्याचा काळ हळू चालतो हे आपण फिजिक्समध्ये मार्कांसाठी शिकलो, आणि या माणसाने त्याचं विरहगीत केलं. तो स्वतः खगोलशास्त्रात पीएचडी करत होता, बँडसाठी ती अर्धी सोडली आणि २००७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये पूर्ण केली, विषय सूर्यमालेतली धूळ. शेवटच्या कडव्यात परत आलेल्या माणसाला समोरच्या मुलीच्या डोळ्यांत तिच्या आईचे डोळे दिसतात, ती जागा आली की मी आजही खिडकीबाहेर बघतो.

तर तुम्ही एकच गाणं सांगा आणि आपल्याकडे गाण्यातली ‘जागा’ म्हणतात ना तशी त्यातली तुमची जागा सांगा. नुसती नावं नकोत प्लीज.

चारतारा

मी बास गिटार वाजवतो त्यामुळे मी कुणाच्या पार्टीत ते सांगायलाच नको :) जॉन डीकन. माझं गाणं ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’, तुमच्याच अल्बममधलं. डीकनने बायकोसाठी लिहिलं. त्यात सुरुवातीला जो थोडा खरखरीत गोड पियानो ऐकू येतो तो वुर्लिट्झरचा इलेक्ट्रिक पियानो आहे, फ्रेडीला ते वाद्य अजिबात आवडायचं नाही, त्याने वाजवायला सरळ नकार दिला, मग डीकन ते घरी घेऊन गेला आणि त्यावर शिकून स्वतःच वाजवलं. बँडमधला सगळ्यात कमी बोलणारा, सगळ्यात लहान माणूस, आणि लिहितो काय तर इतकं उघड प्रेमाचं गाणं.

माझी जागा म्हणजे एक अशी नाही, पूर्ण बास लाइनच. आपल्याकडे लोकांना वाटतं बास म्हणजे खालचा सूर धरून बसायचं, तानपुऱ्यासारखं. इथे ऐका, फ्रेडीची ओळ संपते न संपते तोच बास पुढे येतो, दोन पावलं वर चढतो आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत जागेवर परत. गाणाऱ्याच्या पायात येत नाही. मी हे बसवायला घेतलं तेव्हा बोटं आठवड्याभरात बसली पण ते ‘परत येणं’ बसायला कितीतरी महिने गेले, हात थांबतच नाही ना. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ पण त्याचंच, १९८० मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं, तिथेसुद्धा सगळी मजा सुरांच्या मधल्या गप्प जागांमध्ये आहे.

आणि एक, डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात त्याला एक सर्किट बोर्ड सापडला, तो त्याने छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प केला. ब्रायनने स्वतः घरी केलेली गिटार त्या अॅम्पमधून वाजवून काय काय आवाज काढलेत! ‘गुड कंपनी’ ऐका याच अल्बममधलं, त्यात ट्रम्पेट, क्लॅरिनेट असा अख्खा जुना जॅझ बँड वाजतोय असं वाटतं, आणि ते सगळं गिटार आहे. खरं म्हणजे यावर वेगळा धागा पाहिजे.

सुरपारंबी

चारतारा, गुड कंपनीला +१.

माझं ‘समबडी टू लव्ह’, १९७६, ‘अ डे अॅट द रेसेस’. मी लीड्सला राहते, इथल्या आमच्या एका हौशी कोरसमध्ये आम्ही हे दोन वर्षांपूर्वी बसवलं त्यामुळे आतून बाहेरून माहितीये. फ्रेडीला अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन फार आवडायची आणि तो चर्चमधला गॉस्पेलचा थाट त्याला आणायचा होता. पण त्यांच्याकडे कोरस कुठे होता, फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनीच पुन्हा पुन्हा एकावर एक आवाज रेकॉर्ड करून शंभर माणसांचा कोरस उभा केला. आम्ही चाळीस जण होतो तरी पहिल्या तालमीला तेवढं भरीव वाटेना.

माझी जागा शेवटाकडची. सगळं थांबतं आणि एकच ओळ अगदी खालून, जवळजवळ कुजबुजत सुरू होते, मग तीच ओळ परत, परत, दर वेळी कोणीतरी नवीन आवाज येऊन मिळतो आणि वर वर चढत जातं. तालमीत आमचे सर पियानोचं झाकण बोटाने वाजवत मोजायचे आणि आम्ही दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच जोर लावून टाकायचो, मग वर जायला काही उरायचंच नाही. सर म्हणायचे, अजून नाही, अजून नाही. मला ती सहा मात्रांची चाल पटकन पकडता यायची कारण लहानपणी बाईंनी दादरा हातावर टाळी देऊन इतका घोटून घेतलाय, मी मनातल्या मनात धा धी ना धा ती ना म्हणत आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायचे आणि चुकायचे नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ते ‘अजून नाही’ पहिल्यांदा सगळ्यांना जमलं. माझ्या शेजारची सत्तरीची बाई गाताना रडत होती, आवाज मात्र हलला नाही तिचा.

घाटमाथा

रॉजर टेलरचं कुणीच नाव घेतलं नाही म्हणून मी. ‘रेडिओ गा गा’ त्याचं आहे हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, त्याचा छोटा मुलगा रेडिओबद्दल काहीतरी बोबडं बोलला त्यावरून सुचलेलं. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, मदतनिधीसाठीचा ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम, पूर्ण स्टेडियमचे हात एकदम वर जाऊन दोन टाळ्या. तीच माझी जागा. मला लिहिता येत नाही तुमच्यासारखं, पण तो व्हिडिओ मी परीक्षेच्या आदल्या रात्री बघायचो आणि झोप लागायची.

वाईकर

धागा छान चाललाय. मी वाईचा. पसरणी घाट चढून वर गेलं की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये फारुख बलसारा नावाचा झांझिबारहून आलेला पारशी मुलगा होता, म्हणजेच आपला फ्रेडी मर्क्युरी, पियानो तिथेच शिकला, १९५८ च्या सुमारास मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड केला, आणि फ्रेडी हे नावही तिथलंच. मी त्या घाटातून शेकडो वेळा गेलो असेन पण शाळा-कॉलेजात हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. निदान संगीताच्या तासाला.

माझं गाणं ‘द प्रॉफेट्स साँग’. परत तोच अल्बम, काय करणार. आठ मिनिटांच्या वर आहे, ब्रायनला पडलेल्या स्वप्नावरून लिहिलेलं, महापुराचं. माझी जागा मधली, जिथे सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा फ्रेडी गातो. तो एक ओळ म्हणतो, तीच ओळ थोड्या वेळाने एका बाजूने परत येते, मग दुसऱ्या बाजूने, आणि तो त्या परत आलेल्या स्वतःच्याच आवाजावर पुढची ओळ गातो, असा एक माणूस स्वतःबरोबर कोरस करतो. हेडफोन लावूनच ऐका. आम्ही लहानपणी टेबललँडच्या कडेला उभं राहून हाका मारायचो, समोरून हाक परत यायच्या आत दुसरी मारायची, दोन्ही हवेत एकमेकांना भेटायच्या. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं.

मी ते कॅसेटवर ऐकलं. कॉलेजला असताना एका दुकानातून कॅसेट भरून घेतली होती, साठ मिनिटांची, आणि भरणाऱ्याने सुरुवातीला भलतीच दोन गाणी घातली, त्यामुळे हे गाणं बरोब्बर त्या आवाजांच्या मधे तुटायचं. ओळ हवेत, आणि खट्. बी बाजूला एकदम बोहेमियन रॅप्सडी. सहा-सात वर्षं माझ्यासाठी ते गाणं तेवढंच होतं, खूप वाईट वाटायचं, पैसे जपून जमवून भरून घेतली होती.

रात्रपाळी

बहुतेक जण सत्तरच्या दशकातच अडकलेत, मी वेगळं सांगते. ‘द शो मस्ट गो ऑन’. मी नर्स आहे, आजारी माणसाचा आवाज कसा होतो ते मला रोज ऐकू येतं, श्वास पुरत नाही, ओळीचं शेवटचं अक्षर खाली पडतं. फ्रेडीने हे गायलं तेव्हा त्याला नीट चालवत नव्हतं. ब्रायन मेने सांगितलंय की इतकं वरचं याला झेपेल का अशी त्याला शंका होती, तर फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं. गाणं ऑक्टोबर १९९१ मध्ये सिंगल म्हणून आलं, २४ नोव्हेंबरला तो गेला.

पण माझं म्हणणं असं की हे गाणं दयेने ऐकू नका. लोक हे लावतात आणि बिचारा बिचारा करतात. ओळींची शेवटची अक्षरं ऐका ना तुम्ही, एकही पडलेलं नाहीये. फुलपाखराच्या पंखांची उपमा येते तिथे चाल एकदम मोकळी होते, खोलीचा पडदा कोणीतरी बाजूला केल्यासारखी, ती माझी जागा. तिथे तो आजारी माणूस नाहीये, तिथे तो कामावर असलेला गायक आहे.

सुरपारंबी

रात्रपाळी, शेवटच्या अक्षरांचं अगदी खरं. आत्ता परत लावून ऐकलं.

खिडकीची_सीट

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून इन्युएन्डो परत पहिल्यापासून लावलाय, मी ते गाणं बिचारा म्हणूनच ऐकलं होतं.

वाईकर काका, आज येताना प्रॉफेट्स साँग हेडफोनवर ऐकलं. आवाज खरंच डावीकडून उजवीकडे जातो, मी आधी फोनच्या स्पीकरवर ऐकत होतो त्यामुळे पत्ताच नव्हता. एक विचारायचं होतं, शेवटी गाणं संपतं तिथे गाणं थांबतच नाही, वारा, मग बारीक तारा वाजतात आणि त्यातूनच ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चा पियानो सुरू होतो. ते तुम्ही मग कधी ऐकलंत?

वाईकर

नोकरी लागल्यावर सीडी घेतली तेव्हा. साधारण कुठे कॅसेट तुटायची ते मला पाठ होतं, ती जागा जवळ आली तसा मी श्वास रोखून बसलो, आणि ओळ पुढे गेली. तुम्ही म्हणताय त्या तारा म्हणजे ब्रायन खेळण्यातला जपानी कोटो वाजवतोय, आणि पुढच्या गाण्यात हार्पही त्याचाच, त्याला हार्प येत नव्हता म्हणून एकेक कॉर्ड वेगळा वाजवून जोडलाय. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. पियानो सुरू झाला आणि मला कळेना की गाणं संपलं का, मी पुढची चार मिनिटं तसाच बसून राहिलो, हिने विचारलं चहा टाकू का तर हाताने थांब म्हणलं.